विश्लेषण : काचबिंदूच्या उपचारांनी डोळ्याची नस पूर्ववत होते का?

महिनोन्महिने थेंब टाकूनही नजरेत फरक पडत नाही, म्हणून काचबिंदूचे अनेक रुग्ण औषध सोडून देतात. मात्र या उपचारांचे यश नजर सुधारण्यात नसून डोळ्यामागची नस टिकून राहण्यात असते.

नसेला नेमके काय होते?

डोळ्याच्या पडद्यावरून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये सुमारे १० लाख तंतू असतात. डोळ्यातील द्रवाचा निचरा नीट झाला नाही की दाब वाढतो. नसेच्या मुखाशी असलेली जाळी मागे ढकलली जाते, तंतू मरू लागतात आणि तेथील खळगा, म्हणजे ‘कप’, रुंदावतो. काहींमध्ये दाब नेहमीच्या मर्यादेत (साधारण १० ते २१ मिमी पारा) असूनही हे घडते. सुरुवातीला समोरचे नीट दिसत असल्याने रुग्णाला पत्ता लागत नाही.

उपचारांनंतर कप लहान होतो?

कधी कधी होतो. जन्मजात काचबिंदू असलेल्या बाळांमध्ये शस्त्रक्रियेने दाब उतरल्यावर हे ठळकपणे दिसते, कारण त्यांच्या डोळ्यातील ऊती लवचीक असतात. मोठ्यांमध्येही दाब बराच उतरल्यास थोडा बदल दिसू शकतो. पण दबलेली जाळी पुढे सरकली म्हणून मेलेले तंतू जिवंत होत नाहीत. गेलेली नजर परत आणणारा उपचार आज उपलब्ध नाही.

मग थेंबांचा उपयोग काय?

उरलेले तंतू वाचवणे. स्वीडनमधील ‘अर्ली मॅनिफेस्ट ग्लॉकोमा ट्रायल’मध्ये दाब १ मिमीने उतरला की आजार बळावण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

नस स्थिर आहे, हे कसे कळते?

ओसीटी तपासणीत तंतूंच्या थराची जाडी मोजतात, तर फील्ड तपासणीत कडेचे किती दिसते ते पाहतात. वयानुसारही थर किंचित पातळ होत असल्याने एकाच अहवालावरून निष्कर्ष काढता येत नाही. आजार फार पुढे गेल्यावर ओसीटीत नवा बदल दिसेनासा होतो. तेव्हा फील्डवरच भर द्यावा लागतो. त्यामुळे जुने अहवाल जपून ठेवावेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नयेत. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका अधिक असल्याने त्यांनीही डोळे तपासून घ्यावेत.