शर्यतपथासाठी पुढच्या चाकांचे कोन : कॅम्बर, कॅस्टर आणि टो

मोटारीची चाके जमिनीवर सरळ उभी असतात, ही समजूत स्थूलमानाने बरोबर असली तरी काटेकोर अर्थाने खरी नाही. पुढच्या चाकांना कारखान्यातच तीन प्रकारचे अल्पसे कल दिलेले असतात. समोरून पाहता चाक आत वा बाहेर झुकलेले असते, त्यास कॅम्बर म्हणतात. बाजूने पाहता, ज्या अक्षाभोवती चाक वळते तो अक्ष वरच्या टोकाशी मागे रेललेला असतो, तो कॅस्टर. आणि वरून पाहता दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे किंवा एकमेकींपासून दूर वळलेल्या असतात, तो टो. रोजच्या वापराची स्पोर्ट्स कार शर्यतपथावर नेणारे लोक बहुधा प्रथम याच तीन कोनांना हात घालतात. वरवर पाहता हे काम चार-सहा बोल्ट ढिले करून पुन्हा आवळण्याचे आहे. परंतु उभ्या गाडीवर मोजलेला कोन आणि वळणात धावणाऱ्या चाकाला प्रत्यक्षात लाभणारा कोन या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद ध्यानात न घेतल्यास टायर तर वाया जातातच, पण प्रसंगी गाडीही हातची सुटते.

या तिन्ही संज्ञा मुळात यंत्रशास्त्राच्या नव्हेत. कॅम्बर हा शब्द फ्रेंचमार्गे 'वाकडा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत जातो. कॅस्टर म्हणजे खुर्चीच्या किंवा चहाच्या गाड्याच्या पायाखालचे, आपोआप दिशा घेणारे लहान चाक. आणि टो म्हणजे पायाचे बोट. पावले बाहेर टाकीत चालणाऱ्यास मराठीत फेंगडा म्हणतात. टो-आउट असलेली गाडी त्याच अर्थाने फेंगडी होय. खरा घोटाळा होतो तो मात्र चिन्हांमुळे. चाकाचा माथा गाडीच्या मध्याकडे झुकला असता कॅम्बर ऋण, बाहेर झुकला असता धन. अर्थात हे चिन्ह गाडीच्या संदर्भात ठरते, वळणाच्या संदर्भात नव्हे. दोन्ही चाकांना दोन अंश ऋण कॅम्बर असेल, तर वळणात बाहेरचे चाक वळणाच्या आत झुकलेले असते आणि आतले चाक वळणाच्या बाहेर. 'इकडे' आणि 'तिकडे' या शब्दांचा अर्थ जसा बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो, तसाच हा प्रकार आहे; आणि पुढील बरेचसे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

उदाहरणादाखल माझ्दा एमएक्स-५ ही गाडी घेणे सोयीचे आहे. ही दोन आसनी उघडी गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दाखविण्यात आली. अमेरिकेत तिला मियाटा हे नाव मिळाले. प्राचीन उच्च जर्मन भाषेतील 'मोबदला, पारितोषिक' या अर्थाचा हा शब्द, आणि ऋग्वेदात स्पर्धेत जिंकलेल्या धनासाठी येणारा 'मीळ्ह' हा त्याचा दूरचा आप्त. नाव ठेवणाऱ्यांना हे ठाऊक असो वा नसो, शर्यतीच्या गाडीला ते शोभते. जपानातील त्सुकुबा आणि अमेरिकेतील अनेक शर्यतपथांवर ही गाडी हौशी चालकांच्या शर्यतींत दीर्घकाळ धावत आली आहे. तिच्या पहिल्या पिढीत प्रत्येक पुढचे चाक वर एक आणि खाली एक अशा दोन भुजांवर धरलेले असते आणि खालच्या भुजेची आतली दोन टोके विकेंद्री बोल्टांवर बसविलेली असतात. बोल्ट फिरविला की भुजेचे ते टोक काही मिलीमीटर आत वा बाहेर सरकते.

कारखान्याने या गाडीचा पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास ठेवला होता. त्यामागे शहाणपण होते. रस्त्यावरील गाडी बहुतांश सरळ धावते, आणि सरळ उभ्या चाकाचा टायर एकसारखा झिजतो. शिवाय वेग जास्त झाल्यास अशा गाडीची पुढची चाके आधी पकड सोडतात. गाडी वळणाबाहेर सरकू लागते, चालक घाबरून वेग कमी करतो, आणि पकड परत येते. सामान्य चालकाच्या हातून होणाऱ्या चुकीचा हा सर्वांत सौम्य परिणाम आहे.

शर्यतपथावर परिस्थिती पालटते. जोरदार वळणात गाडीचे धड बाहेरच्या बाजूस कलते आणि त्याबरोबर बाहेरचे चाकही बाहेर झुकू पाहते. समजा, धड तीन अंश कलले आणि भुजांच्या रचनेमुळे त्यातील दोन अंश भरून निघाले, तरी चाक एक अंशाने बाहेर झुकलेच. टायरची बाजू दबल्यामुळे आणखी काही भर पडते. मग सारा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो, ती कड तापते, गोलाई धरते आणि थोड्याच फेऱ्यांत निकामी होते. उभ्या गाडीत दोन ते तीन अंश ऋण कॅम्बर देण्याचे प्रयोजन एवढेच, की वळणाच्या ऐन मध्यावर ते चाक जवळजवळ सपाट टेकावे. चाक आत झुकलेले दिसावे म्हणून नव्हे, तर ते वळणात झुकलेले राहू नये म्हणून हा झुकाव दिला जातो. त्याची किंमतही आहे. सरळ रेषेत जोराने ब्रेक लावताना आतल्या कडेवर भार पडतो आणि ब्रेकची पकड उणावते. अधिक ऋण म्हणजे अधिक चांगले, असा जो समज हौशी मंडळींत आढळतो, तो म्हणून अर्धाच खरा आहे.

कॅस्टरची गोष्ट अधिक कुतूहलाची आहे. वळणारा अक्ष मागे रेललेला असल्याने स्टिअरिंग फिरविताच बाहेरच्या चाकाचा माथा आत जातो आणि आतल्या चाकाचा बाहेर. म्हणजे दोन्ही चाके वळणाच्याच दिशेने झुकतात. पाच अंश कॅस्टर असेल आणि चाक दहा अंश वळविले, तर हा झुकाव सुमारे पाऊण ते एक अंश भरतो. त्या अक्षाचा आतल्या बाजूचा कल त्यातून थोडे वजा करतो. ऋण कॅम्बर केवळ बाहेरच्या चाकाचे हित करतो. कॅस्टर दोहोंचे करतो, आणि गाडी सरळ धावत असता चाकास झुकवीतही नाही. मग सारे काम कॅस्टरवर का सोपवू नये? एक तर स्टिअरिंग जड होते. दुसरे असे, की वेगाच्या लांब वळणात चाक फारच थोडे वळविलेले असते, त्यामुळे जेथे धड सर्वाधिक कलते तेथेच कॅस्टरची मदत तोकडी पडते.

एमएक्स-५ मध्ये या दोहोंची ओढाताण त्याच बोल्टांवर होते. खालच्या भुजेची दोन्ही टोके बाहेर सरकविली, तर चाकाचा तळ बाहेर जाऊन ऋण कॅम्बर वाढतो. कॅस्टर वाढविण्यासाठी भुजेचे बाहेरचे टोक पुढे न्यावे लागते. त्यासाठी मागचा बोल्ट बाहेर आणि पुढचा मात्र आत हवा. म्हणजे मागच्या बोल्टाविषयी वाद नाही. पुढच्या बोल्टाने कोणाची बाजू घ्यावी, हाच प्रश्न. मूळच्या उंचीवर असलेल्या गाडीत एवढ्याने दोन-तीन अंशांचा पल्ला गाठणे कठीण असते. म्हणून गाडी थोडी खाली बसवितात, किंवा खालचा बॉल जॉइंट अधिक लांबीचा घालतात. जुन्या गाडीत तर हे बोल्ट गंजून आपल्या बुशमध्ये घट्ट बसलेले असतात, आणि सारी भूमिती तेथेच थांबते.

टो नेहमी शेवटी लावावा, कारण कॅम्बर वा कॅस्टर बदलला की टो बदलतोच. किंचित टो-इन सरळ मार्गावर गाडी स्थिर ठेवतो. शून्य किंवा अल्पसा टो-आउट ठेवल्यास गाडी वळणात तत्परतेने शिरते, परंतु सरळ मार्गावर चंचल होते. येथे माप फार बारीक असते. १८५/६० आर १४ या मूळच्या टायरचा व्यास सुमारे ५७८ मिलीमीटर; त्यावर एका चाकाचा एक मिलीमीटर टो म्हणजे अंशाचा दहावा भाग. परंतु भूमितीच्या हिशेबाने ते चाक दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासले जाते. त्यास ऋण कॅम्बरची जोड मिळाली की ही घासण आतल्या कडेवर एकवटते. टायर लवकर झिजल्याचा दोष लोक कॅम्बरला देतात. तो पुष्कळदा टोचा असतो.

मोजणीस महागडे यंत्र हवेच असे नाही. सपाट जमीन, चालकाच्या वजनाइतके ओझे त्याच्या आसनावर, सरळ बांधलेले स्टिअरिंग आणि गाडीच्या दोन्ही अंगांस समांतर ताणलेली दोरी एवढ्यावर टो मोजता येतो. कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो : चौदा इंची रिमच्या वरच्या व खालच्या कडांमध्ये सहा मिलीमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. मात्र योग्य कोन कोणता, हे उभी गाडी सांगू शकत नाही. ते टायरचे तापमान सांगते. फेऱ्या संपताच टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागात सुई खुपसून तापमान घेतात. बाहेरची कड अधिक तप्त असेल तर ऋण कॅम्बर अपुरा. आतली फारच अधिक तप्त असेल तर तो जास्त झाला. आतली कड थोडी अधिक तापलेली असणे मात्र स्वाभाविक आहे, कारण सरळ मार्गावर भार तिच्यावरच असतो. मध्यभाग दोहोंपेक्षा तप्त असेल तर दोष कोनाचा नसून हवेच्या दाबाचा आहे.

एक धोका उरतो, आणि तो पुढच्या चाकांचा नाही. पुढची पकड वाढविली आणि मागची होती तशीच ठेवली, तर प्रथम घसरण्याची पाळी मागच्या चाकांवर येते. कारखान्याने योजिलेला सौम्य परिणाम मग उलटतो : घाबरून वेग कमी करणाऱ्या चालकाची गाडी त्याच क्षणी गरकन फिरते. एमएक्स-५ ची मागची चाकेही विकेंद्री बोल्टांवर जुळविता येतात, तेव्हा त्यांनाही ऋण कॅम्बर आणि निश्चित टो-इन देऊन मगच गाडी पथावर न्यावी. बोल्टाच्या चकतीवर आणि भुजेच्या आधारावर सलग रंगाची रेघ ओढून ठेवावी. वळणाच्या काठावरील उंचवट्यांवर चाक आदळून बोल्ट सरकला, तर ती रेघ तुटलेली दिसते.