पहिली ते आठवी एकाच शाळेत? हात वर करण्याआधी हिशोब करूया

ताईंनो, वाडीवरची लहान शाळा तशीच ठेवायची, की पहिलीपासून सातवी-आठवीपर्यंतची सगळी मुलं एका मोठ्या शाळेत आणायची? हा विषय पालकसभेत येतो, ग्रामसभेत येतो, आणि आपल्या गटाच्या बैठकीत तर हप्ते गोळा करता करताच निघतो. एक म्हणते, "वर्गात दोनच पोरां, तेंका शिकवतले काय?" दुसरी म्हणते, "माझ्या चेडवाक एवढ्या लांब कोण पोचवतला?" दोघींचंही खरं आहे. म्हणून दोन्ही बाजू जरा मोजून बघूया.

एकत्र शाळा आपल्याला तशी नवी नाही. पहिली ते सातवीची 'पूर्ण प्राथमिक शाळा' कोकणात जुनी. सातवीला 'फायनल' असायची आणि ती पास झालेल्याला शिक्षकाची नोकरी मिळायची. आपल्या आज्यांच्या काळात 'ती फायनल झालेली' म्हटलं की तिचा मान वेगळाच. पुढे पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी असे तुकडे रूढ झाले. मग १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यात पाचवीपर्यंत प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. त्याला जुळवून घ्यायला राज्याने २०१३ मध्ये काही शाळांना पाचवीचा, काहींना आठवीचा वर्ग जोडायचं ठरवलं. सगळीकडे ते सारखं झालं नाही. म्हणून आज एक शाळा चौथीपर्यंत, दुसरी पाचवीपर्यंत, तिसरी सातवीपर्यंत, आणि बरीच हायस्कुलं पाचवीपासून. पालकांचा गोंधळ होणारच.

आता विषय पुन्हा तापलाय तो पटामुळे. २१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तांनी जिल्ह्यांकडून 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले. तेव्हा राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा होत्या १४,७८३, त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. लहान शाळा एकत्र आणायच्या आणि मुलांना गाडीने न्यायचं, अशी ती कल्पना. नमुना म्हणून नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत दाखवलं गेलं. राज्यभर विरोध झाला, पण पट काही वाढलेला नाही. त्यामुळे आज ना उद्या प्रत्येक वाडीला यावर बोलावं लागणार आहे.

आधी शिक्षकांचा हिशोब, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. "शाळा एकत्र केली की शिक्षक जास्त मिळतील" असं सर्रास बोललं जातं. कायद्यातलं कोष्टक काय म्हणतं? पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. समजा एका वाडीत १४ मुलं आहेत आणि शेजारच्या वाडीत १६. आज दोन्हीकडे दोन-दोन, म्हणजे चार शिक्षक. दोन्ही शाळा एकत्र केल्या तर पट ३०, आणि शिक्षक दोनच! वर्ग पाचच्या पाच. म्हणजे एका बाईंनी दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळायचे, हे काही सुटलं नाही. फक्त चौदा मुलांची पायपीट वाढली. वर्गात सोबती वाढले हा फायदा आहे, मी नाकारत नाही. चौथीत एकट्याच बसणाऱ्या मुलाला गटात वाचायला, खेळायला, भांडायलासुद्धा कोणी नसतं.

सहावी ते आठवीचं वेगळं आहे. तिथे कायदा प्रत्येक वर्गामागे निदान एक शिक्षक सांगतो, आणि त्यांत गणित-विज्ञान, भाषा आणि समाजशास्त्र यांचे शिक्षक हवेत. हे वर्ग तीन-चार ठिकाणी पाच-पाच मुलांचे राहिले तर विषयाचा शिक्षक कुठेच टिकत नाही. १५ मार्च २०२४ च्या शिक्षक मंजुरीच्या निर्णयाने तर कमी पटाच्या वरच्या वर्गांना शिक्षक मिळणं फार कठीण केलं. शिक्षक संघटना त्यावर रस्त्यावर उतरल्या त्या उगाच नाही. म्हणजे एकत्र येण्याचा खरा लाभ वरच्या वर्गांना आहे. आणि वरचे-खालचे वर्ग एका इमारतीत असले की पाच शिक्षक होतात. एक रजेवर गेला, एकाला निवडणुकीचं काम लागलं, तरी शाळा उघडी राहते. इंग्रजीच्या बाई चौथीलाही तास घेऊ शकतात. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला की काय होतं ते तुम्हीच रोज बघता.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. शाळा बदलायची वेळ येते तिथेच मुलगी घरी बसते. पाचवी झाली की दुसरी शाळा, दाखला, नवा गणवेश, नवी वाट. अशा वेळी घरातून "पुरे आता" निघतं. आठवीपर्यंत एकच शाळा असली तर हा उंबरठा एकदाच येतो. थोरली बहीण धाकट्याला हाताला धरून नेते, आणि आईची सकाळची एक फेरी वाचते.

उलट बाजूही बघा. सहा वर्षांचं पोर आणि चौदा वर्षांचा मुलगा एकाच पटांगणावर असला की धक्काबुक्की होते, लहान मुलं शौचालयाला जायला भितात. मुलगे-मुलींची शौचालयं वेगळी हवीत हे कायद्यातच आहे, पण पाणी आहे का ते जाऊन बघा. मोठ्या मुलींची पाळी सुरू झालेली असते. तिथे नळ कोरडा असला तर महिन्यातले चार दिवस ती शाळेत येत नाही. मधली सुट्टी वेगवेगळ्या वेळी ठेवली, लहानांना वेगळी बाजू दिली, तर बराच त्रास कमी होतो. त्याला पैसा लागत नाही.

आणि अंतर. नियमाने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. कागदावर किलोमीटर सरळ रेषेत मोजतात. मसुऱ्यासारख्या गावात देऊळवाडा, मर्डे, आंगणेवाडी अशा वाड्या दूरदूर पसरलेल्या. मध्ये व्हाळ, साकव, मळे, आणि गड नदीला पूर आला की बाकी सगळं विसरायचं. मेमधलं एक किलोमीटर आणि जुलैमधलं एक किलोमीटर सारखं नसतं. भराडीच्या जत्रेला एस.टी.च्या गाड्या रांगेने लागतात, पण शाळेच्या वेळेची एक गाडी मिळवायला अर्जावर अर्ज करावे लागतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग?

पोषण आहार शिजवणाऱ्या आपल्या गटांनी आणखी एक हिशोब करावा. पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस, सव्वीस ते शंभरपर्यंत दोन. १२, १५ आणि २० पटाच्या तीन शाळांत आज तिघी कामाला आहेत. एकत्र पट ४७ झाला की दोघीच राहतील. तिसरीचं काय, हे आधी विचारा. शिवाय पाचवीपर्यंत तांदूळ १०० ग्रॅम, पुढे १५० ग्रॅम, म्हणजे एकाच चुलीवर दोन मापं. भात कमी पडला की ऐकून घ्यावं लागतं आपल्यालाच.

माझं मत विचाराल तर पहिली ते चौथी वाडीतच राहू दे, पट आठ असला तरी. सहावीपासून मात्र एकत्र या, आणि जिथे जागा-पाणी धड आहे तिथे त्याच आवारात जवळच्या लहानग्यांचे वर्गही असू देत. पाचवीचं वाडीप्रमाणे ठरवावं.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, हे कायद्याने आहे. आपली नावं त्यात आहेत, पण पुष्कळदा सही घरपोच होते. या विषयावर तरी स्वतः बसा. ठरावात नुसतं "मुलांची सोय करण्यात यावी" असं लिहू देऊ नका. एकत्र झाल्यावर शिक्षक किती आणि कोणत्या विषयाचे, गाडी कोणती, किती वाजता, पावसाळ्यात साकवावर पाणी आलं तर मुलं कुठे थांबतील, स्वयंपाकाला कोण राहणार, हे सगळं लिहून घ्या. गाडी सुरू झाल्यावरच वाडीची शाळा बंद करावी, हे वाक्यही त्यात घाला. वाचून दाखवायला सांगा, मग सही करा, आणि ठरावाची एक प्रत ग्रामसंघाच्या फाईलला लावा.