ब्रेक मऊ का लागतो?

मोटारीच्या ब्रेकचे एखादे काम झाले, नळी बदलली किंवा चाकाजवळचा सिलिंडर खोलून पुन्हा बसवला, की पुष्कळदा एक अनुभव येतो. ब्रेकचे पेडल टणक लागत नाही. स्पंजावर पाय ठेवावा तसे ते मऊ लागते आणि बरेच खाली जाते. दोन-चार वेळा भराभर दाबले, की मात्र कडक होते. ‘आता ठीक आहे’ असे समजून गाडी रस्त्यावर काढण्याचा मोह होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. मेकॅनिक सांगतो, “लाइनमध्ये हवा आहे.” त्याचे निदान बहुधा बरोबर असते. पण चमचाभर हवा एवढे काय करते?

याचे उत्तर आपण वर्गात शिकवतो त्या पास्कलच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो. या तत्त्वावर चालणारे ब्रेक चारही चाकांना असलेली ‘ड्यूझेनबर्ग’ ही मोटार अमेरिकेत १९२१ साली विक्रीला आली. आजच्या मोटारींतही मूळ तत्त्व तेच आहे.

सोयीचे आकडे घेऊन हिशेब करू. समजा, पेडलवर पायाने २० किलोग्रॅम वजनाइतके बल लावले. पेडल ही तरफ आहे. ती बल पाच पट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोग्रॅमचे बल येते. (बूस्टरची मदत सध्या सोडून देऊ.) दट्ट्याचा व्यास २ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौ. सेंमी धरले, तर दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे ३२ किलोग्रॅम होतो. चाकाजवळच्या दट्ट्याचा व्यास ५ सेंमी असेल, तर त्याच दाबाने त्याच्यावर सुमारे ६२५ किलोग्रॅमचे बल येईल.

हे बल फुकट मिळत नाही. मोठा दट्ट्या त्या प्रमाणात कमी सरकतो. पण ब्रेकपॅड आणि चकती यांच्यातील फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असल्याने तेवढे सरकणे पुरते.

आता नळ्यांत ३ घनसेंमी हवा राहिली आहे असे समजा. बॉइलच्या नियमानुसार वर काढलेल्या दाबाखाली तिचे आकारमान सुमारे तेहतिसाव्या हिश्श्यावर येते. म्हणजे जवळजवळ ३ घनसेंमी जागा रिकामी होते. ती भरायला मास्टर सिलिंडरचा दट्ट्या सुमारे १ सेंमी आणि पेडल पाच पट, म्हणजे ५ सेंमी जादा सरकावे लागते. द्रवही थोडासा दबतो. पण १०० घनसेंमी द्रव याच दाबाखाली जेमतेम ०.१६ घनसेंमीने आक्रसतो, आणि पेडलवर त्याचा परिणाम दोन-तीन मिलिमीटरच होतो.

येथे एक चुकीची समजूत दूर करायला हवी. ‘हवा दाब पोचवत नाही’ असे काही जण सांगतात. तसे असते तर मोठ्या बस आणि ट्रक यांचे हवेवर चालणारे ब्रेक लागलेच नसते. हवाही दाब पोचवते. फरक एवढाच, की ट्रकमध्ये दाबलेली हवा टाकीत तयार असते आणि चालकाचा पाय फक्त झडप उघडतो. मोटारीत मात्र दट्ट्या पायानेच ढकलायचा असतो आणि पेडलची चाल ठरावीक असते. मऊ ब्रेकमध्ये हवा दाब अडवत नाही, ती पेडलची चाल खाऊन टाकते. चाल संपली आणि पेडल तळाला टेकले, की पुढचा दाब मिळणारच नाही.

भराभर दाबल्यावर पेडल कडक होते, कारण प्रत्येक वेळी टाकीतील थोडे जादा ब्रेक ऑइल नळीत शिरते. हवा मात्र तेथेच असते.

वर्गात करून पाहा : सुई नसलेल्या, १० मिलिलिटरच्या दोन सिरिंज सलाईनच्या नळीने जोडा. आधी सगळीकडे पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एका सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने घट्ट धरून दुसरा दाबा. तो हलत नाही. आता २-३ मिलिलिटर हवा आत घेऊन तेच करा. दट्ट्या आत जातो आणि सोडताच परत येतो. हाच तो ‘मऊ ब्रेक’. सिरिंज तिरपी-उभी करून बुडबुडा कोठे जमतो तेही पाहा.

तो नेहमी वर जातो. म्हणून हवा काढण्याचे निपल सिलिंडरच्या वरच्या बाजूला असते. बसवताना डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झाली, तर निपल खाली येते आणि कितीही खटपट केली तरी हवा निघत नाही.

हवा काढायला दोघे लागतात. गाडी सपाट जागी, चाकांना उटी लावून उभी करतात. टाकी ताज्या ऑइलने भरतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचे. बुडबुडे बाहेर पडतात. निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचे, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचे. मधे टाकी रिकामी झाली, तर सगळे पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. एबीएसच्या यंत्रणेत हवा अडकली असेल, तर ती काढायला खास उपकरण लागू शकते. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. लांब घाट उतरताना ब्रेक तापले, की असे ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल पुन्हा मऊ पडते.

प्रत्येक दोष हवेचाच असतो असे नाही. ब्रेकपॅड बदलल्यावर पहिल्या काही दाबांत पेडल खाली जाते, कारण दट्ट्ये मागे ढकललेले असतात. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. ते तसेच कडक राहिले, तर काळजी नाही. थोडा वेळ थांबून दाबल्यावर पुन्हा मऊ लागले, तर हवेचा संशय घ्यावा. पाय दाबून धरला असता पेडल सावकाश खाली जात राहिले, तर गळती शोधावी किंवा मास्टर सिलिंडरची रबरे तपासावीत. कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नये.

विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रश्न विचारावा : हवा तेवढीच ठेवून मास्टर सिलिंडरचा दट्ट्या रुंद केला, तर पेडल कमी खाली जाईल. मग सगळ्याच गाड्यांना रुंद दट्ट्या का लावत नाहीत? उत्तर वरच्या हिशेबातच आहे.