‘जरा साफ करून द्या’

तापीच्या 2006च्या महापुराला वीस वर्षं होत आली. त्या निमित्तानं सुरतेतल्या आमच्या खानदेशी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुने फोटो येऊ लागलेत. त्यातले बरेच माझ्या हाताखालून गेलेले. स्कॅन मी केले होते, चिखलाचे डाग मी काढले होते. फोटो ओळखीचे आहेत, माणसं मात्र ओळखू येत नाहीत. कुणाच्या बोळक्या आजीला पांढरेशुभ्र दात आलेत. कुणाच्या मामाचे देवीचे व्रण गायब. एका माउलीच्या हनुवटीवरचं गोंदण फोटो साफ करणाऱ्या ॲपनं डाग समजून पुसून टाकलंय. आणि खाली अंगठ्यांची रांग. ‘एकदम क्लिअर!’ ‘एचडी झालं भाऊ!’ जुनी वही उघडायला एवढं निमित्त मला पुरे.

नव्वदचं दशक थोडक्यात उरकतो, ते तेवढ्याच लायकीचं होतं. फेब्रुवारी 1990मध्ये फोटोशॉप बाजारात आलं तेव्हा ते फक्त मॅकिन्टॉशवर चालायचं, आणि सुरतेजवळच्या कडोदऱ्यात, जिथल्या फोटो स्टुडिओत मी काम करायचो, मॅकिन्टॉश म्हणजे काय, हे विचारणाराही कुणी नव्हता. दोनच महिन्यांनी हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिचा आरसा चुकीचा घासलेला निघाला आणि फोटो धूसर आले. डिसेंबर 1993मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती करेपर्यंत शास्त्रज्ञ ते फोटो गणितानं साफ करत राहिले. ती पद्धत रिचर्डसन यांनी 1972मध्ये आणि लुसी यांनी 1974मध्ये मांडलेली. आमच्या स्टुडिओत असलं काही नव्हतं. फोटो हलला की मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे, ‘तुम्हीच हललात!’ आणि पैसे घ्यायचे.

सांगायचंय ते 2002 ते 2013बद्दल. कडोदरा तेव्हा दर पावसाळ्यानंतर थोडं आणखी पसरलेलं दिसायचं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, त्याला आडवा सुरत-बारडोली रस्ता, शेजारी चलथाणचा साखर कारखाना आणि चहूकडे डाईंग-प्रिंटिंगच्या मिल. मिलमध्ये ओडिया, बिहारी, यूपीवाले, आणि तापी लाइनच्या गाडीनं उधन्याला उतरलेले आमचे नंदुरबार, अमळनेर, धुळ्याचे. 2002मध्ये फोटोशॉपची 7.0 आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर हीलिंग ब्रश आला. डाग पुसायला तासाऐवजी पाच मिनिटं लागू लागली. विकत घेतलेलं फोटोशॉप मी त्या सगळ्या वर्षांत कडोदऱ्यात पाहिलं नाही. ते सीडीवर यायचं आणि सीडीवर मार्करनं सिरियल नंबर लिहिलेला असायचा.

गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच. ‘आमना आबाना फोटो शे भाऊ, जरा साफ करी दे.’ आबा गेलेले. दशक्रियेला तसबीर हवी. आणि हातात काय, तर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, तिसऱ्या रांगेत आबा, नखाएवढा चेहरा, तोही फोकसच्या बाहेर. त्यातून बारा बाय अठरा इंच काढायचा.

तो आम्ही कसा काढायचो, ते सांगतो. डार्करूमच्या काळात एक युक्ती होती. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर अशी पॉझिटिव्ह फिल्म बनवायची, ती मूळ निगेटिव्हला चिकटवायची आणि दोन्हीतून मिळून प्रिंट काढायची. धूसरातलं धूसर एकमेकांत कटतं आणि कडा उठून दिसतात. फोटोशॉपचा अनशार्प मास्क हेच आकड्यांत करतो: फोटोची धूसर प्रत मनातल्या मनात बनवतो, मूळ फोटोतून ती वजा करतो आणि उरलेला फरक मूळ फोटोत पुन्हा मिसळतो. कडेच्या एका बाजूचं काळं आणखी काळं, दुसऱ्या बाजूचं उजळ आणखी उजळ. डोळ्याला वाटतं, फोटो साफ झाला. नवं मात्र काहीच आलेलं नसतं. कागदावर आबांच्या पापण्या नसतील, तर त्या अमाउंट दोनशे केला तरी येत नाहीत.

म्हणून हात आखडता ठेवावा लागे. फोटो फोटोशॉपच्या ‘लॅब’ कलर मोडमध्ये घ्यायचा आणि फक्त लाइटनेस चॅनल शार्प करायचा, म्हणजे रंगांचे कण उसळत नाहीत. रेडियस एकच्या आसपास. डोळे, भुवया, टोपीची कड, मिशी एवढ्यावरच काम करायचं आणि गाल सोडून द्यायचे. मतदार ओळखपत्रावरून काढायचा असेल तर आणखी वेगळी तऱ्हा. तो छापलेला ठिपक्यांचा फोटो. थेट शार्प केला तर आबा बाजूला राहतात आणि ठिपकेच ठळक होतात. म्हणून तो आधी थोडा धूसर करायचा आणि मग शार्प. हे गिऱ्हाइकासमोर कधी करू नये. 29 सप्टेंबर 2010ला देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं आणि पुढच्या काही वर्षांत तसबिरींचा मुख्य उगम आधारवरचा चौकोन झाला. आयुष्यात एकदाच काढलेला फोटो, तोही सरकारनं, दिव्याकडे बघत.

पण मला त्या दशकातलं 2006च जास्त आठवतं. 7 ऑगस्टला पाणी सुरत शहरात शिरू लागलं. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडलं होतं. धरण आधीच थोडं रिकामं का केलं नाही, हे भांडण नंतर बरीच वर्षं चाललं. अडाजण, रांदेर, कतारगाम पाण्याखाली. 9 तारखेला राखीपौर्णिमा होती, कुणाचा भाऊ कुठे अडकलाय याचा पत्ता नव्हता. पाणी ओसरल्यावर लोक आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून अल्बम घेऊन आले. रंगीत प्रिंटमध्ये सगळ्यांत वर निळसर थर असतो, त्याखाली किरमिजी, तळाला पिवळा. पाणी त्याच क्रमानं खातं. त्यामुळे कडेला पांढरा कागद, मग पिवळा पट्टा, मग लालभडक आणि मध्यात उरलेलं लग्न. काचेला चिकटलेला फोटो सुकवून ओढला की चेहरा काचेवरच राहतो. तो ओलाच ठेवून, स्वच्छ पाण्यात बुडवूनच सोडवायचा. हे सांगेपर्यंत निम्म्यांनी घरी ओढून झालेलं असायचं.

त्या कामात खरी मदत सॉफ्टवेअरची नव्हती, खानदेशातल्या नातेवाइकांची होती. त्याच लग्नाची दुसरी प्रिंट मावशीकडे अमळनेरला असायची. फोन करायचा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती मागवायची. नवरीचा चेहरा त्या प्रिंटमधला, मांडव ह्या प्रिंटमधला. याला कुणी फसवणूक म्हणू दे. चेहरा तिचाच, दिवस तोच, कॅमेराही तोच होता.

आता थोडी जुनी उधारी वसूल करतो. पहिली अल्बमच्या लॅबवाल्यांकडून. करिझ्मा अल्बमची साथ आली, तेव्हा आम्ही जपून शार्प केलेली फाइल त्यांच्याकडे गेली की ते आपल्या हिशेबानं पुन्हा शार्प करायचे. शालूच्या जरीभोवती पांढरी रेघ, नवरदेवाच्या कानाभोवती पांढरी रेघ, आणि शिव्या आम्हाला. दुसरी साड्यांच्या कॅटलॉगवाल्यांकडून. साठ ग्रॅमच्या जॉर्जेटचा पोत इतका धारदार करून मागायचे की पानावर ती पैठणी वाटावी, आणि त्याच पानावर मॉडेलचा चेहरा मात्र लोण्यासारखा मऊ हवा. अती केलं की विणीवर मोअरेच्या लाटा उठायच्या आणि व्यापारी म्हणायचा, ‘आ डिझाइन तो आपणी नथी!’ तिसरी उधारी ‘सीआयडी’ मालिकेची. शिवाजी साटमांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण 1998पासून त्या मालिकेनं देशाला शिकवलं की धूसर फुटेजवर बटण दाबलं की गाडीचा नंबर दिसतो. एकदा एक माणूस सायकलचोराच्या पाठमोऱ्या फोटोतून तोंड काढून मागत होता.

ऑक्टोबर 2011मध्ये फोटोशॉपवाल्या ॲडोबीनं आपल्या अमेरिकेतल्या मेळाव्यात हललेला फोटो सगळ्यांदेखत स्थिर करून दाखवला. सभागृह थक्क झालं. तत्त्व खरं होतं: हललेल्या फोटोत कॅमेरा कुठून कुठे सरकला याचा माग उरतो, दिव्याच्या ठिपक्याला फुटलेली शेपटी पाहिली की कळतं, आणि तो माग हाती लागला तर उलटा चालवता येतो. मागाहून कंपनीनंच मान्य केलं की दाखवलेल्या फोटोंपैकी एक त्यांनीच धूसर करून आणला होता. मे 2013मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढची नवी आवृत्ती विकत नाही, भाड्यानं. हललेला फोटो सावरणारं ते हत्यारही त्या भाड्याच्या आवृत्तीतच आलं. सीडीचे दिवस तिथे संपले. आमच्यासारख्यांना तक्रार करायचा अधिकार नव्हता, तरी आम्ही केली.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं कंटाळवाणी. लोकांच्या हाती बरे फोन आले, फोटो मुळातच साफ निघू लागले, स्टुडिओ झेरॉक्सवर चालू लागले.

आणि मग ही नवी ॲप. यांची तऱ्हाच निराळी आहे. हबलवाल्यांचं गणित, डार्करूमची युक्ती, आमचा अनशार्प मास्क, सगळे कागदावर होतं तेच पिळायचे. हे यंत्र लाखो परके चेहरे पाहून आलेलं असतं आणि आबांच्या धूसर डोळ्यांच्या जागी ‘असे डोळे असू शकतात’ म्हणून डोळे बसवतं. जून 2020मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या अशा एका प्रणालीला बराक ओबामांचा चौकटीचौकटींचा फोटो दिला, तर तिनं एक गोरा गृहस्थ काढून दिला. मार्च 2023मध्ये एकानं चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून पडद्यावर लावला आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो घेतला. फोटोत विवरं उमटली, जी पडद्यावर नव्हतीच. चंद्राचं एक वेळ चालेल. चंद्र सगळ्यांचा एकच आहे. आबा एकाच घरचे होते, आणि त्या लाखो चेहऱ्यांत खानदेशातल्या गोंदलेल्या हनुवट्या किती असणार?

ग्रुपवर मी एकदा लिहून पाहिलं, की या मावशींच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. त्यांच्या नातवाचं उत्तर आलं, ‘काका, पण आता फोटो छान दिसतोय.’ तो खोटं बोलत नव्हता. त्यानं आजीला पाहिलेलंच नाही; त्याच्यापुरती आजी हीच.

दुकानात कुणी आलं तर मी अजून सांगतो: व्हॉट्सॲपवर पाठवू नका, मूळ प्रिंट आणा. गावाकडे कुणाकडे दुसरी प्रत आहे का विचारा. ॲपनं काढलेला फोटो लावायचा तर लावा, पण जुना फेकू नका. निम्मे ऐकतात. बाकीचे म्हणतात, कशाला काका, फोनवर दोन मिनिटांत होतं. होतंच. मग ते फाइल पाठवतात, मी बारा बाय अठराची प्रिंट काढतो, लॅमिनेशनचे वेगळे घेतो.