हंगाम दीड महिन्याचा, उचल वर्षभराची

गुढीपाडवा जवळ आला की पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात रस्त्याच्या कडेला राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर एकेका तमाशा फडाचा फलक असतो, आत बैठक, वही आणि फडाचा व्यवस्थापक. आसपासच्या जिल्ह्यांतले गावकारभारी इथे येतात, चार राहुट्या पालथ्या घालतात, घासाघीस करतात आणि गावच्या यात्रेची सुपारी ठरवून विसार देऊन जातात. हा बाजार पाहिला की या धंद्याचे मर्म कळते, कारण इथला भाव जितका कलावंताच्या नावावर ठरतो, तितकाच तिथीवर. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय तृतीया या दिवशी एकाच रात्री कितीतरी गावांच्या यात्रा असतात आणि फड मोजके. त्या रात्रीची सुपारी चढते. दोन दिवसांनी तोच फड, तीच ढोलकी, तोच वग असतो, पण मागायला गावच नसते. विकली न गेलेली रात्र पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवता येत नाही.

तमाशाबद्दल आपण लिहितो-बोलतो ते बहुधा वारशाच्या भाषेत. लोककला लोप पावते आहे, ती जपली पाहिजे, जुन्या कलावंतांचा सन्मान झाला पाहिजे, असा त्याचा सूर असतो. त्यात खोटे काही नाही, पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. ढोलकीचा फड हा आधी एक फिरता, स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला राजाश्रय नाही, कंपनीचे प्रायोजकत्व नाही, नाट्यगृहाचे छप्पर नाही. संगीत बारीचे कलावंत कलाकेंद्रात मुक्कामाला असतात आणि रसिक त्यांच्याकडे जातो; फडाला मात्र रसिकाच्या दारात जावे लागते, आणि तेही सगळा संसार ट्रकवर चढवून. हा व्यवसाय अडचणीत आहे तो प्रेक्षकाने पाठ फिरवली म्हणून, असे सर्रास मानले जाते. माझ्या मते अडचणीचे मूळ पंचांगात आणि कर्जात आहे.

फडाचे वर्ष असे चालते. दसऱ्याला फड बाहेर पडतो. मोठे, तंबूचे फड होळीपर्यंत गावोगाव कनात लावून तिकिटावर खेळ करतात. गुढीपाडव्यापासून यात्रांचा हंगाम सुरू होतो, मग तिकीट नाही, ठरलेली सुपारी. याच काळात केवळ यात्रांसाठी बांधलेले हंगामी फडही बाहेर पडतात. बुद्ध पौर्णिमेला हंगाम आटोपतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत मोजले तर हा काळ दीड महिन्याचा भरतो, आणि वर्षाची तोंडमिळवणी याच दीड महिन्यावर असते. तंबूच्या दिवसांत थंडी, धुके, परीक्षा, शेजारच्या गावातले लग्न, काहीही गल्ला पाडू शकते. तो काळ फड चालता ठेवण्याचा, कमावण्याचा नव्हे. पावसाळ्यात तर सगळेच बंद.

खर्चाला मात्र असा हंगाम नसतो. मोठ्या फडात शंभर-दीडशे माणसे असतात. नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, वगातले नट, ढोलकीवाला, हलगीवाला, आता ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझरवालाही. शिवाय तंबू ठोकणारे, वायरमन, चालक, आचारी. रंगमंच, कनाती, दिवे, ध्वनियंत्रणा आणि जनरेटर यांचे ट्रक वेगळे, माणसांच्या गाड्या वेगळ्या. खेळ झाला नाही म्हणून शंभर माणसांचे जेवण थांबत नाही. बहुतेक सुपाऱ्यांत रात्रीच्या खेळाबरोबर हजेरी, म्हणजे दुसऱ्या सकाळचा खेळही धरलेला असतो. हजेरी उरकायची, सामान भरायचे, जमेल तशी गाडीतच झोप काढायची आणि संध्याकाळी पुढच्या गावात रंगमंच उभा करायचा. रस्त्यावरच्या या आयुष्याला स्वच्छंदी म्हणणाऱ्याने ट्रकमधून लोखंडी सांगाडा उतरवणाऱ्या मजुराला एकदा विचारून पाहावे.

पावसाळ्यात कलावंताचे घर चालते उचलीवर. पुढच्या हंगामाची मजुरी तो आधीच घेतो आणि मग कामातून फेडतो. त्याला उचल दिली नाही तर तो दुसऱ्या फडात जातो, म्हणून मालकाला ती द्यावीच लागते. आणि मालकाकडे आषाढात पैसा नसतो, म्हणून तो खासगी सावकाराकडून उचलतो. बँक दारात उभी करत नाही. तारण काय, तर जुने ट्रक आणि कनाती. म्हणजे ढोलकीवर पहिली थाप पडण्याआधीच हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा व्याजाच्या नावे लिहिलेला असतो. ऊसतोड कामगाराची उचल आपल्याला ठाऊक आहे; फरक असा की तिथे उचलीच्या वरच्या टोकाला साखर कारखाना असतो, इथे मालक स्वतःच कर्जबाजारी असतो.

कमाई इतक्या थोड्या दिवसांत कोंबलेली असली की एक धक्काही वर्ष बुडवतो. २०२० साली देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता २५ मार्च, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. २०२१ साली पाडवा १३ एप्रिलला आला, आणि राज्यातले कडक निर्बंध १४ एप्रिलच्या रात्री लागू झाले. इतर धंद्यांचे काही महिने गेले, फडांचे लागोपाठ दोन हंगाम मुळापासून गेले, आणि उचल मात्र दोन्ही वर्षांची वाटून झाली होती. सरकारने एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. तिची चेष्टा करायची नाही, पण व्याजाचा एक हप्ताही त्यात भागत नव्हता. महामारी नसतानाही धोका टळत नाही. अवकाळी पाऊस नेमका एप्रिल-मेमध्ये गाठतो. कांद्याचा भाव पडला किंवा दुष्काळ असला की गावची वर्गणी आटते आणि कारभारी स्वस्तातला ऑर्केस्ट्रा शोधू लागतात. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुका यात्रांच्याच दिवसांत झाल्या, म्हणजे पोलीस बंदोबस्त आणि परवानग्यांचा प्रश्न आलाच.

यात भर पडली वेळेच्या बंधनाची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम योग्य आहे, आजारी माणसाची झोप वगापेक्षा मोलाची आहे. पण त्या १५ दिवसांची वाटणी पाहा. बहुतेक दिवस गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर अशा शहरांना सोयीच्या तारखांवर खर्च होतात. चैत्रातल्या यात्रांच्या वाट्याला फारसे उरत नाही. एरवी रात्रभर रंगणारा खेळ आता दोन-अडीच तासांत बसवावा लागतो. गण आणि गवळण कशीबशी होतात, रंगबाजीतली गाणी लोक सोडू देत नाहीत, आणि कात्री लागते ती वगाला. वग हाच तमाशातला नाटकाचा, कथेचा आणि अभिनयाचा भाग.

म्हणूनच ‘तमाशात आता नुसता धांगडधिंगा उरला’ या आक्षेपाकडे मी थोडे संशयाने पाहतो. आक्षेप निराधार नाही. काही फडांनी सोपी वाट धरली आहे, आणि रेकॉर्डिंगवर नाचण्याचे कार्यक्रम स्वस्तात मिळू लागल्यावर त्यांच्याशी स्पर्धा करताना दर्जाही घसरला. पण तमाशाने लोकप्रिय गाणी उचलणे नवे नाही, तो नेहमीच काळाची गाणी पोटात घेत आला. आपण वगाचा वेळ काढून घेतला, मग वग दिसत नाही म्हणून फडाला नावे ठेवली. प्रेक्षक संपला असे म्हणणाऱ्यांनी नारायणगावच्या राहुट्या आठवाव्यात. मागणी नसती तर तिथीवर भाव चढला नसता.

दुसरे उत्तर असे मिळते की कलावंत खरा मोठा असेल तर त्याला काही कमी पडत नाही. इतिहास उलट सांगतो. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी होत्या, आणि १९४५ साली ते पुण्यात हलाखीत वारले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा उपचाराच्या खर्चाचीही ओढाताण होती. खेळ चालू असताना त्या रंगमंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकिगत कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळी वाटते. ज्या धंद्यात एक रात्र बुडवणे परवडत नाही आणि रजा नावाची गोष्ट नाही, तिथली ती कामगार स्त्रीची कहाणी आहे. आता राज्य सरकारचा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ पासून सरसकट दरमहा ५ हजार झाले, हे चांगलेच झाले. पण ते हातपाय थकल्यावरचे. फड उभा असताना लागणारा पैसा त्यातून येत नाही.

फडमालकही काही साधुसंत नाहीत, ते कलावंतांना उचलीत अडकवून ठेवतात, असेही कोणी म्हणेल. खरे आहे, आणि त्यासाठीच मदत मालकाच्या हाती सोपवून चालणार नाही. महाराष्ट्राला असे मार्ग नवे नाहीत. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला. मालक मजुरीबरोबर ठरावीक टक्के रक्कम मंडळाकडे भरतो आणि भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मंडळ देते. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे आकार घेण्याचे ठरले. सुपारी लाखांत बोलली जाते, तिच्यावर लहानसा आकार ठेवून फड कलावंतांचे मंडळ उभे करणे अशक्य नाही. शेतकऱ्याचा हंगाम बेभरवशाचा म्हणून आपण पीककर्ज आणि पीकविमा मान्य केला. आषाढात घेऊन वैशाखात फेडायचे हंगामी कर्ज सहकारी बँकेने फडाला दिले, तर सावकाराची पकड सर्वांत आधी सुटेल. ‘बाजारात टिकेल ते टिकेल’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की इथे मागणी आहे, पुरवठा आहे. नाही ते रास्त दराचे भांडवल. आणि १५ दिवसांच्या सवलतीतले तीन दिवस, चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी आणि अक्षय तृतीया, यांच्या नावे काढायला जिल्हाधिकाऱ्यांना एक पैसा खर्च येत नाही.

यातले काही तर सरकारवाचूनही होईल. यात्रा समितीने सुपारी तोंडी न ठेवता कागदावर आणावी, निम्मी रक्कम आधी खात्यावर भरावी, पावसाने खेळ बुडाला तर फडाला काय मिळेल ते आधीच लिहून ठेवावे, आणि खेळ सातच्या ठोक्याला सुरू करावा, म्हणजे वगाला वेळ उरेल. यात्रेची वर्गणी तुम्हीही देत असाल, तर पावती फाडताना समितीला हे चार प्रश्न जरूर विचारा.