सिकलसेल म्हणजे नुसतं 'रक्त कमी' नव्हे

धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेलच्या रुग्णाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे.' हेतू चांगला, पण निदान अर्धवट. या आजारात तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटतात आणि त्यांतलं बरंचसं लोह शरीरातच राहतं. तपासणीत लोह कमी निघालं तरच ती गोळी घ्यावी.

अंग पिळवटून टाकणारं दुखणं येतं ते रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे. पण मूळ तांबड्या पेशीत आहे. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं. पुढे व्हर्नन इन्ग्रॅमने तो नेमका हुडकला : एका जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. बस्स, एवढंच! ऑक्सिजन सोडला की असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते.

वाकड्या पेशी बारीक वाहिनीत अडकतात, हेही अर्धंच खरं. त्या वाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि चिकटपणा जास्त तिथे आजारही तीव्र, असं १९८० मध्ये रॉबर्ट हेबेल यांच्या गटाला आढळलं. शिवाय फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड फस्त करतं, मग ती आवळते. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, की दुखणं उसळतं. आणि इथले लोक गुजरातेत ऊसतोडीला जातात ते ऐन हिवाळ्यात!

'बाळ जन्मलं तेव्हा धडधाकट होतं, मग कुणाची तरी नजर लागली.' खरं तर गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला पहिले काही महिने सांभाळतं. ते ओसरलं की आजार दिसू लागतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी तेच हिमोग्लोबिन वाढवते. 'ही तर कॅन्सरची गोळी' म्हणून ती बंद करणं घातक. काही रक्तकर्करोगांत ती देतात, पण सिकलसेलमध्ये तिचं काम वेगळं. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वरचेवर रक्त तपासूनच. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेला कॅसजेव्ही हा जनुक-संपादनाचा उपचारही गर्भातलंच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतो. किंमत मात्र आवाक्याबाहेरची.

वाहक, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून मिळालेला माणूस, रुग्ण नव्हे, हे सोयरीक मोडणाऱ्यांनी ऐकावं. दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के. 'एक मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब चुकीचा; प्रत्येक खेपेला शक्यता तेवढीच राहते.