काचेत मारते, माणसाला तारते का?

यंत्रावरचा तेलकट हात नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. साबणाच्या कणाचे एक अंग पाण्याला धरते, दुसरे तेलाला. मातीतले काही जंतूही अशीच वस्तू तयार करतात. तिला लिपोपेप्टाइड म्हणतात.

१९६८ साली जपानी शास्त्रज्ञांनी ‘बॅसिलस सब्टिलिस’ या जंतूपासून ‘सर्फॅक्टिन’ मिळवले. सात अमिनो आम्लांचे कडे आणि त्याला चरबीचे शेपूट, अशी त्याची घडण. चरबीचे आवरण असलेले विषाणू ते फोडते. आवरण नसलेल्यांवर त्याची मात्रा चालत नाही. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशीही त्याने मरतात. पण आपल्या तांबड्या रक्तपेशींचे आवरणही चरबीचेच. तेही फुटते!

म्हणून आशा सोडावी काय? मुळीच नाही. याच कुळातले डॅप्टोमायसिन जंतुनाशक आहे. दिवसातून दोनदा दिले असता स्नायूंना अपाय होई, म्हणून ते मागे पडले. पुढे दिवसातून एकदाच देऊन अपाय घटला. २००३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

तेव्हा कर्करोगावर असा रामबाण उपाय सांगून कोणी घर गहाण टाकायला लावू लागला, तर आधी विचारा : हे माणसांना देऊन पाहिले आहे काय, आणि किती मात्रेत?